डावीकडचं आकाश

तंजावुरात ज्या बायका स्वतः गाडी चालवत कामाला जातात, त्यांतल्या पुष्कळजणी तिथल्याच जुन्या मराठी घरातल्या तुळजारामच्या हाताखाली शिकलेल्या. कीळ राजवीथीवर त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक अरुंद खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दाराशी एक पांढरी छोटी गाडी, जिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक बसवलेला. लोक त्याच्याकडे येत ते त्याच्या शांत स्वभावामुळे. नवशिक्या बाईनं भर चौकात गाडी बंद पाडावी, मागून टाउन बसनं भोंग्यावर भोंगे द्यावेत, आणि यानं शेजारी बसून सावकाश म्हणावं, क्लच दाबा, बसवाल्याला आज घाई असली तरी तो आपल्या अंगावरून जाणार नाही. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीनं कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि ही गोष्ट तो कधी बोलून दाखवत नसला तरी मनात बाळगून होता.

अलीकडे मात्र तो चिडका झाला होता. धनलक्ष्मी, त्याची बायको, स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कपाट उघडं ठेवते आणि त्याचं दार आपल्या कपाळावर आपटतं, यावरून घरात बऱ्याचदा वाजलं होतं. धनलक्ष्मीचं म्हणणं, कपाट काय आज बसवलंय? मग ती हळद दाबायची आणि वय झालं माणसाचं असं म्हणून विषय सोडून द्यायची. तुळजाराम चोपन्न वर्षांचा होता. वय झालं हे त्याला काही पटत नव्हतं.

पोंगलच्या आदल्या दिवशी त्यांची मुलगी जननी चेन्नैहून आली. येताना तिनं बापासाठी एक छोटी काळी डबी आणली होती. टीव्हीला जोडली की तिच्यात जुन्या काळचे शेकडो व्हिडिओ गेम निघत. शेकड्यांशी जननीला देणंघेणं नव्हतं. तिनं ती घेतली होती एका गेमसाठी, ‘सिल्व्हर स्वॉलो’साठी, कारण लहानपणी जेवताना तिनं त्याच्या इतक्या कथा ऐकल्या होत्या की न खेळताच तो तिला अर्धा पाठ होता.

तो गेम म्हणजे तुळजारामची तरुणपणची कीर्ती. जुन्या बस स्टँडमागे त्याचा मित्र गुरुमूर्ती याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आणि तिथे दाराजवळ माणसाच्या उंचीचं, उभ्या पडद्याचं एक यंत्र होतं. खाली एक चंदेरी विमान, आणि वरून खाली वाहत येणारं आकाश. त्या आकाशात नद्या, बेटं, बंदरं खाली सरकत जायची आणि वरच्या काठाकडून शत्रूची विमानं थव्याथव्यानं उतरायची. त्यांना पाडायचं, त्यांच्या गोळ्या चुकवायच्या, आणि पुढे जात राहायचं. गेमचं इंग्रजी नाव कुणी घेत नसे. कॉलेजची पोरं त्याला नुसतं विमान म्हणत. बाकीचे आपलं विमान मधोमध ठेवायचे आणि चहूकडून मार खायचे. तुळजारामनं एक युक्ती काढली होती. तो आपलं विमान उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन चिकटवायचा. मग उजवीकडून भीती उरायची नाही, सगळं येणार ते डावीकडून आणि वरून. नजर आपल्या विमानावर ठेवून तिकडे लक्ष राहिलं की झालं. त्या कोपऱ्यात उभा राहून तो एका नाण्यावर दुपार काढायचा, आणि मागे पोरांची ही गर्दी. लोक त्याला ‘कोपऱ्याचा तुळजा’ म्हणत.

जननीनं डबी जोडली, अप्पांना समोर खुर्ची दिली, स्वतः खाली चटईवर बसली. धनलक्ष्मी दारात उभी राहून पाहत होती. पडद्यावर चंदेरी विमान आलं आणि तुळजारामच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की धनलक्ष्मीलाही हसू फुटलं. उभ्या पडद्यावरचं आकाश आडव्या टीव्हीत कोंबल्यामुळे बुटकं झालं होतं, बंदरांचा रंग उडाल्यासारखा दिसत होता, पण बोटांना सगळं आठवलं. विमान उजव्या कोपऱ्यात गेलं. पहिली नदी गेली, पहिलं बेट गेलं, आणि एकाएकी विमान फुटलं.

तुळजाराम म्हणाला, हे कुठून आलं? पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. आकाश रिकामं, समुद्र निळा, आणि त्या रिकामपणातून एकदम नाकासमोर गोळी. चुकवायला वेळच नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला त्यानं हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि जाहीर केलं की ही नक्कल भिकार आहे, हिच्यात शत्रूची विमानं दाखवतच नाहीत, नुसत्या गोळ्या दाखवतात.

जननीला विमानं दिसत होती. पण अप्पा तीस वर्षांनी खेळतायत, बोटं मंद झाली असणार, हे तोंडावर कसं सांगायचं, म्हणून ती म्हणाली, असेल अप्पा, स्वस्तातली डबी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुमूर्ती पोंगलच्या भेटीला आला, तेव्हा तुळजारामनं ही तक्रार त्याच्या कानावर घातली. गुरुमूर्तीनं दुकान केव्हाच बंद केलं होतं. आता तो गावाकडची शेती बघायचा, पण यंत्रांचा विषय निघाला की त्याला जेवण सुचत नसे. त्यानं लगेच तुळजारामची बाजू घेतली. घरी खेळायच्या नकलांचं असंच असतं, म्हणाला. दुकानातलं यंत्र त्या एका गेमसाठीच बनवलेलं, त्याची ताकद मोठी. तोच गेम जेव्हा घरच्या छोट्या यंत्रात उतरवला, तेव्हा त्या बिचाऱ्याला एका ओळीत इतकी विमानं काढता येईनात. मग ती लुकलुकायची. क्षणभर दिसायची, क्षणभर नाहीशी व्हायची. त्याच्याकडे त्या काळातली एक कॅसेट अजून होती, आणि ती लावायचं यंत्रही. दुपारी तो दोन्ही घेऊन आला.

त्या जुन्या कॅसेटवर तुळजाराम आणखी लवकर मेला. विमानं लुकलुकतात हे खरंच होतं. गुरुमूर्तीनं बोट दाखवून दाखवलं, बघ, गेलं, बघ, आलं. तुळजारामला मात्र जातानाही दिसत नव्हतं आणि येतानाही. त्यानं ते सांगितलं नाही. त्याला एवढंच वाटलं की या दोन्ही नकलांनी आपल्याला चारचौघांत, म्हणजे बायको, मुलगी आणि मित्रासमोर, खोटं पाडलं. आणि का कोण जाणे, ते त्याला फार लागलं. त्यानं गुरुमूर्तीला विचारलं, ते मूळचं यंत्र कुठे आहे?

यंत्र गुरुमूर्तीच्या गावी होतं, ओरत्तनाडूच्या रस्त्याला, कालव्याकाठी, नारळांच्या कोठारात. अधूनमधून तो चालू करून बघायचा. गेल्या महिन्यात चाललं होतं.

“मग उद्या जाऊ,” तुळजाराम म्हणाला. “त्याच्यात काही लुकलुकत नाही. तिथे बघा.”

माट्टुपोंगलचा, म्हणजे गुरांच्या पोंगलचा, दिवस होता. वाटेत गावोगावी बैलांची शिंगं रंगवलेली, शेतांत कापणीला आलेला भात. तुळजाराम पांढरी गाडी चालवत होता, शेजारी गुरुमूर्ती, मागे जननी. धनलक्ष्मी घरी राहिली होती. तुळजाराम खुशीत होता. वाटेत तो मुलीला सगळा क्रम सांगत होता. दुसऱ्या नदीनंतर काय येतं, तिसऱ्या बेटाआधी बोटी कशा येतात, आणि मग डावीकडून वरून लाल विमानांचा थवा कसा कमान घेत उतरतो. तो थवा पुरा पाडला तर तोफ दुप्पट होते. सगळ्या खेळाचं मर्म त्या लाल थव्यात आहे, म्हणाला. तो मी कधी चुकवला नाही.

कोठारात सोलल्या नारळांचा वास भरला होता. गुरुमूर्तीनं पोती बाजूला सारली, यंत्रावरचं ताडपत्रीचं पांघरूण काढलं. रंग उडाला होता, पण उभा पडदा शाबूत होता, आणि विमान हलवायची डावीकडची दांडी तुळजारामच्या तळव्याला ओळखीची लागली. यंत्र गुणगुणलं. पडदा आधी हिरवट झाला, मग आकाश आलं. खरं आकाश, लांबच लांब, कपाळाच्या वरपर्यंत चढलेलं. तुळजारामला एकदम भरून आलं. जननी त्याच्या डाव्या बाजूला, गुरुमूर्ती मागे.

तो खेळू लागला. विमान कोपऱ्यात. पहिली नदी. एकदा मेला, पण कशानं ते पाहायला थांबला नाही. दुसरी नदी. बोटी खालच्या बाजूला सरकत आल्या, त्या त्यानं झकास उडवल्या, मागे गुरुमूर्ती वा म्हणाला. आता लाल थवा. तुळजारामनं श्वास आवरला, बोट बटणावर टेकवलं. त्याला क्षण ठाऊक होता. बेटाच्या टोकाशी ताडाचं झाड येतं आणि ते पडद्याच्या मध्यावर आलं की थवा निघतो. ताड मध्यावर आला.

आकाश रिकामं होतं.

मागून गुरुमूर्ती म्हणाला, आली. जननी म्हणाली, अप्पा, मारा ना. तुळजाराम आपल्या विमानाकडे बघत थांबला होता, आणि वर हिरवी बेटं निवांत खाली सरकत होती. मग विमान फुटलं.

“गुरुमूर्ती, तुझा पडदा त्या बाजूला मेलाय,” तो म्हणाला. “डावा कोपरा गेलाय.”

यंत्रानं तुळजारामला दुसरं विमान दिलं होतं, ते त्याच्या हातांनी आपोआप कोपऱ्यात नेलं होतं, आणि त्याची नजर सवयीनं त्यावर खिळलेली होती. जननीनं हात पुढे केला. पडद्यावर बोट ठेवून ती म्हणाली,

“इथे आहेत अप्पा. हे बघा, इथे. पाच लाल विमानं.”

तुळजारामनं तिचा हात येताना पाहिला. कोपर दिसलं. हिरव्या बांगड्या दिसल्या. बांगड्यांच्या पुढे हात नव्हता.

तिथे काळोख नव्हता. भोक नव्हतं, डाग नव्हता, धुकं नव्हतं. जिथे मुलीचा पंजा असायला हवा तिथे काही नसल्याचंही काही दिसत नव्हतं. मनगट एका जागी संपत होतं, जसं काही जगात मनगट तिथेच संपतं.

त्यानं डोळे वळवले. पंजा आला. बोट आलं, बोटाखाली लाल विमान, त्याच्यामागे दुसरी. त्यानं डोळे पुन्हा चंदेरी विमानावर नेले. पंजा गेला. पुन्हा वर पाहिलं, आला. पुन्हा खाली. गेला. त्यानं डावा डोळा झाकून पाहिलं, मग उजवा. दोन्ही डोळ्यांना, एकेकट्यानंही, मुलीचा हात तिथेच तुटलेला होता. विमान केव्हा फुटलं ते त्याला कळलं नाही. यंत्र शेवटचं संगीत वाजवून गप्प झालं तरी तो दांडी धरून उभाच होता.

जननीनं विचारलं, “अप्पा, काय झालं?”

“हात तसाच धर,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्याला अनोळखी वाटला. “जरा आता खाली आण. सावकाश. थांब.” हात पुष्कळ खाली आला तेव्हा बोटं उगवली. “उजवीकडे ने.” उजवीकडे तो अख्खा होता. त्यानं दोन-तीनदा तिला हात फिरवायला लावला, आणि आपल्या जगाचा वरचा डावा तुकडा कुठून कुठवर गेलाय ते त्याच्या लक्षात आलं. गुरुमूर्तीनं पोतं ओढून त्याला बसवलं.

गुरुमूर्तीच्या घरून पाणी आलं, मग कॉफी आली. गुरुमूर्ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिला की झोप झाली नसेल, उन्हाची तिरीप असेल. जननी तोवर मोबाइलवर तंजावुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरला गाठायच्या खटपटीला लागली होती. सणाचा दिवस, कुणी फोन उचलेना. तुळजाराम एकच विचार करत होता. आपण इथवर गाडी चालवत आलो. आणि येताना वाटेत ज्या ज्या डाव्या बाजूच्या झाडांखालून, कमानींखालून, माणसांजवळून आलो, त्यांतलं काय काय आपण पाहिलंच नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

परतायची वेळ झाली तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढली आणि जननीच्या हातावर ठेवली. गाडी त्यानंच तिला शिकवली होती, पण चेन्नैत तिचा हात सुटला होता. ती म्हणाली, अप्पा, मला भीती वाटते. तो म्हणाला, मलाही वाटते, पण तुला दिसतं. तो शिकवणाऱ्याच्या जागी बसला. पायाशी त्याचा ब्रेक होता. त्यानं पाय उचलून आसनाखाली दुमडून घेतले आणि शहर येईपर्यंत खाली सोडले नाहीत.

वाटेत रेल्वेचं फाटक लागलं. फाटक उघडं होतं. लोखंडी आडवा दांडा डाव्या खांबापाशी उभा होता, आकाशात टोक करून. जननीनं गाडी हळू केली, आणि तुळजारामला कृष्णवेणी आठवली.

कृष्णवेणी शाळेत गणित शिकवायची, चाळिशीची, शिकायला उशिरा आलेली. गेल्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, ती याच फाटकाकडे गाडी चालवत येत होती. तो म्हणाला, चला, रस्ता मोकळा आहे, गिअर बदला. तिनं गिअर बदलण्याऐवजी करकचून ब्रेक मारला. त्यानं तिला झापलं. कारण नसताना असं थांबलात तर मागचा येऊन आदळेल, असं बरंच काही. मग पाहतो तो समोर दांडा आडवा आलेला. तो म्हणाला, अचानक पाडलं यांनी फाटक, हल्ली घंटासुद्धा वाजवत नाहीत. ती दुसऱ्या दिवसापासून शिकायला आली नाही. शाळेत काम वाढलं असा निरोप आला, आणि त्यानं तो खरा मानला.

आता गाडी रुळांवरून धडधडत गेली, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी आसन घट्ट धरलं. दांडा अचानक पडला नव्हता. तो सावकाश, सगळ्या जगाला दिसत, डाव्या आकाशातून खाली आला होता, आणि तुळजाराम म्हणत होता, रस्ता मोकळा आहे.

घरी आल्यावर धनलक्ष्मीला सगळं जननीनं सांगितलं. धनलक्ष्मीनं ऐकून घेतलं, मग स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरच्या कपाटाचं दार बिजागरीसकट उतरवायला लागली. पेचकस सापडेना तर चमच्याच्या दांड्यानं स्क्रू काढू लागली. जननी म्हणाली, अम्मा, आत्ता काय त्याचं. धनलक्ष्मी म्हणाली, “वर्षभर यांच्या कपाळावर हळद लावली मी. मला का नाही कळलं?” आणि तशीच काढत राहिली.

सण सरल्यावर डॉक्टर भेटले. डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवू नका म्हणाले, आणि हातात बटण दिलं. घुमटात कुठेतरी बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. तुळजाराम मन लावून दाबत राहिला. त्याला वाटलं, बरे लागतायत दिवे, जवळजवळ सगळे दिसतायत. मधेच बराच वेळ काही लागेना. त्याला वाटलं यंत्र थांबलं. ते थांबलं नव्हतं. छापून आलेल्या चित्रावर दोन्ही डोळ्यांची दोन वर्तुळं होती आणि दोन्हींचा वरचा डावा पाव भाग शाईनं भरल्यासारखा काळा होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चित्र त्याच्यापुढे सरकवलं आणि सांगितलं की दोन्ही डोळ्यांत एकाच जागी असं असलं, तर दुखणं डोळ्यांत नसतं, डोळ्यांच्या मागे असतं. उद्याच्या उद्या डोक्याचं स्कॅन करा. आणि गाडी बंद. आजपासून. हे त्यांनी जरा कडकपणे सांगितलं, कारण त्यांना त्याचा धंदा कळला होता.

स्कॅनमध्ये उजव्या कानाच्या वर, कवटीच्या आत, एक गाठ निघाली. लिंबाएवढी. तिरुचीच्या सर्जननी सांगितलं, हिची चाल सावकाश दिसते, किती वर्षं वाढत असेल सांगता येत नाही. काढावी लागेल. बहुधा साधी असेल, पण काढून तपासल्याशिवाय बहुधाच म्हणायचं. तुळजारामनं विचारलं की इतकं मोठं काही डोक्यात असून मला कसं कळलं नाही. सर्जन म्हणाले, जे दिसत नाही ते दिसत नाही हे कळायला कुणीतरी दुसरं लागतं. मेंदू आपल्याला अंधार दाखवत नाही, तेवढी जागाच सोडून देतो.

ऑपरेशनच्या आधी, तुळजारामनं ठरवलं, एक काम करून टाकायचं. तो ऑटोनं कृष्णवेणीच्या घरी गेला. धनलक्ष्मी बरोबर आली. कृष्णवेणीनं दार उघडलं आणि त्याला पाहून तिचा चेहरा उतरला. बसवलं, पाणी दिलं. तुळजारामनं तमिळमध्ये, अडखळत, गाठीचं सांगितलं, घुमटाचं सांगितलं, आणि म्हणाला, त्या दिवशी फाटकाशी तुम्ही बरोबर होता. मला दांडा दिसलाच नव्हता. तुम्ही थांबला नसता तर आपण दोघं नसतो, आणि वर मी तुम्हाला बोललो.

कृष्णवेणी पदराशी चाळा करत म्हणाली,

“मला वाटलं तुम्ही पिऊन आला होतात.”

आयुष्यात तुळजारामनं थेंब घेतला नव्हता, आणि हे सारं शहर जाणतं असं त्याला वाटायचं.

“दांडा तुमच्या डोळ्यांसमोर खाली येत होता,” ती म्हणाली. “घंटा वाजत होती. आणि तुम्ही म्हणालात, चला. दुसरं काय वाटणार मला? घरी आले, यांनाही काही सांगितलं नाही. तुमच्यासारख्या माणसाचं नाव कशाला खराब करा. शिकणं सोडून दिलं आणि गप्प बसले. सहा महिने होऊन गेले. त्यानंतर किती बायका तुमच्या शेजारी बसल्या असतील. मी तोंड उघडलं असतं तर.”

घंटा वाजत होती हे तुळजाराम आज पहिल्यांदा ऐकत होता. घंटा तर कानांनी ऐकायची असते, कान शाबूत होते. पण रस्ता मोकळा दिसत असताना घंटा खरी कशी मानायची, म्हणून त्यानं ती ऐकलीच नव्हती. गेमची नक्कल भिकार, मित्राचा पडदा मेलेला, बायकोचं कपाट उघडं, फाटकवाला निष्काळजी. सगळं जग चुकत होतं, कारण त्याला रस्ता मोकळा दिसत होता. तो दोन्ही हात जोडून उठला, तेव्हा हुंदका त्याला फुटला की कृष्णवेणीला, हे धनलक्ष्मीला नंतर सांगता येईना. तिनं दोघांनाही धरून खाली बसवलं.

ऑपरेशन लांबलं, पण नीट पार पडलं. गाठ साधी निघाली. आठवड्यानं डोक्याला पट्टी, डोळ्यांखाली सूज आणि तोंडाला चव नाही अशा अवस्थेत तुळजाराम घरी आला. हरवलेल्या तुकड्याची एक कड हळूहळू परत आली, बाकीचा तसाच राहिला. तसाच राहील, डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी शिकवलं की डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, मान वळवा. दर थोड्या वेळानं, काही नसलं तरी, वर आणि डावीकडे मुद्दाम बघत जा. ड्रायव्हिंग स्कूल त्यानं बंद केलं नाही. गाडीत शिकवायला ओळखीतला एक निवृत्त बसचालक, रघोजी, येऊ लागला. तुळजाराम खोलीत बसून नियम शिकवायचा. नव्या शिकाऊंना तो आता पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतो. मी किंवा रघोजी, कुणीही चला म्हटलं आणि तुम्हाला थांबावंसं वाटलं, तर थांबा. आम्हाला विचारू नका.

मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, धनलक्ष्मी त्याला पहिल्यांदा पायी बाजारात घेऊन निघाली. दारातून बाहेर पडल्यावर, शिकवल्याप्रमाणे, त्यानं मान वळवून डावीकडे वर पाहिलं. आणि तो उंबऱ्याशीच थबकला.

कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर एक मनोरा उभा होता. लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांचा, चार मजल्यांएवढा उंच, टोकाला पांढरे डबे लावलेला मोबाइलचा टॉवर. त्यावर कावळे बसले होते.

“हा केव्हा झाला?” त्यानं विचारलं.

धनलक्ष्मीनं वर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. “गेल्या पावसाळ्याआधी,” ती म्हणाली. “क्रेन आली होती. दोन दिवस रस्ता बंद होता. तुम्ही मागच्या गल्लीतून गाडी काढायचात.”

मागच्या गल्लीतून गाडी काढल्याचं त्याला आठवत होतं. क्रेनसुद्धा आठवत होती. तिनं काय उचललं होतं, ते मात्र त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो मनोरा इतका मोठा होता की त्याची सावली त्यांच्या दारावर पडली होती, त्याच्या चपलांवर पडली होती, आणि या सावलीतून तो कित्येक महिने गाडी काढत आला होता. धनलक्ष्मीनं त्याचा दंड धरला आणि चला म्हणाली. तो हलला नाही. मान तशीच वर धरून तो त्या मनोऱ्याकडे पायथ्यापासून टोकापर्यंत बघत राहिला. मग नजर पुढच्या घरावर नेली, त्याच्या पुढच्या घरावर नेली, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून धनलक्ष्मीला विचारू लागला, हे इथे पहिल्यापासून होतं का.